अक्षर बिघडतं तेव्हा

उर्दू शाळेत अक्षराचं फार कौतुक असतं. मराठी वाचकांना हे थोडं समजावून सांगायला हवं. उर्दूची नस्तालीक लिपी ओळीवर सरळ बसत नाही, ती उजवीकडून उतरत उतरत येते. ‘सीन’ या अक्षराला तीन छोटे दात असतात, त्यांना आम्ही शोशे म्हणतो. ‘काफ’वर एक तिरपी रेघ असते, ती मरकज. ‘नून’, ‘जीम’ यांची पोटं गोल यावी लागतात, ते दायरे. आणि नुक्ते तर जागच्या जागीच पडले पाहिजेत. एक नुक्ता सरकला तर खुदाचा जुदा होतो, हे आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून वर्षातून एकदा खुशखतीची स्पर्धा होते आणि तिचं बक्षीस मुलं क्रिकेटच्या कपाइतकंच मिरवतात.

मी सोलापुरात एका उर्दू माध्यमिक शाळेत शिकवते. खुशखतीचे चांगले कागद कपाटात जपून ठेवायची मला सवय आहे. हेडमास्तर त्याला रद्दी म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये पाचवीतल्या ज्या मुलाला पहिलं बक्षीस मिळालं, त्याचा कागदही त्यात होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही. मुलगा आता मोठा झालाय, त्याला ते आवडणार नाही. वडील पॉवरलूमवर टॉवेल विणणारे, अम्मी विड्या वळणारी. घरात तीन भावंडं : मोठी बहीण, हा, आणि धाकटी बहीण.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. घरात एकच मोबाईल, तोही वडिलांच्या खिशात. हा मुलगा माझ्यासमोर नीट आला तो थेट जून २०२२ मध्ये, आठवीत. तेव्हा सगळ्याच मुलांची अक्षरं बिघडली होती. स्टाफरूममध्ये रोज तोच विषय. पोरं लिहायचं विसरली, बोटं फक्त स्क्रीनवर फिरतात, वगैरे. ते खरंच होतं, आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आड या मुलाचं अक्षर लपून गेलं.

पहिल्या चाचणीचे पेपर तपासताना मी त्याचा पेपर बाजूला काढला आणि कपाटातला जुना कागद त्याच्या शेजारी ठेवला. इतर मुलांचं अक्षर गचाळ झालं होतं. पानभर सारखंच गचाळ. याचं तसं नव्हतं. पहिल्या दोन ओळी ठीक, मग अक्षर बारीक बारीक होत गेलेलं, ओळ खाली घसरलेली. सीनच्या शोशांची नुसती थरथरती रेघ झाली होती. नुक्ते अक्षरापासून लांब, कुठेही पडलेले, आणि काही ठिकाणी पेन इतकं दाबलेलं की कागद फाटला होता. मराठीच्या पेपरात शिरोरेखाही अशीच हलली होती. आळशी मूल एवढं दाबून लिहीत नाही. हा मुलगा लिहायची कोशिश करत होता आणि हात ऐकत नव्हता.

मी चौकशी सुरू केली तेव्हा कळलं, की काही ना काही सगळ्यांनीच पाहिलं होतं, पण प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला होता. मकतबमधले उस्ताद म्हणाले, याचे मखरज बिघडलेत. मखरज म्हणजे अरबी अक्षर गळ्यातून, टाळूतून नेमकं जिथून निघायला हवं ती जागा. ‘काफ’ आणि ‘खे’ पूर्वी अगदी साफ निघायचे, आता जीभ जड वाटते. खिचडी वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, ताट दोनदा हातातून पडलं. शेजारी बसणारा मुलगा म्हणाला, “आपा, इसके मूँ से पानी गिरता, कापी गीली होती.” मुलं त्याला त्यावरून एक घाणेरडं नाव ठेवून चिडवत. पी.टी.च्या सरांच्या मते तो सुस्त झाला होता. आणि एका सरांनी तर त्याला वर्गात दोनदा मारलं होतं, कारण रागावलं की तो हसतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला बंदी आहे, पण ते असो.

या हसण्याबद्दल त्याची अम्मी मला जे बोलली ते अजून कानात आहे. “आपा, ये हँसता नै. इसका मूँच वैसा हो गया.” ओठ किंचित ताणलेले, दात थोडे दिसणारे, तोंड पूर्ण मिटत नसलेलं. आईला ते हसणं नाही हे कळत होतं. मार बसत होता तेव्हाही चेहरा तसाच राहिला असणार.

बी.एड.ला आम्हाला विशेष गरजा असलेल्या मुलांवर एक पेपर होता. डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, मतिमंदत्व, लक्ष न लागणं. २००७ मध्ये ‘तारे ज़मीन पर’ आला, त्यानंतर तर प्रत्येक शिक्षकाला डिस्लेक्सिया माहीत झाला. चांगलंच झालं. पण त्या यादीतली बहुतेक मुलं अशी असतात की ज्यांना एखादी गोष्ट पहिल्यापासून जमत नाही. ज्याला जमत होतं आणि मग जमेनासं झालं, अशा मुलाबद्दल आमच्या नोट्समध्ये एक ओळही नव्हती. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथं आहे. जे येत होतं ते गेलं, हे वाक्य कोणत्याही मुलाबद्दल उच्चारावं लागलं, तर ते शिक्षकाच्या हातातलं प्रकरण राहत नाही, डॉक्टरकडे जायला लागतं. आणि येत होतं याचा पुरावा डॉक्टरकडे नसतो. त्यांच्यापुढे आजचं मूल असतं. जुन्या वह्या आमच्याकडे असतात, आणि आम्ही त्या मे महिन्यात किलोवर विकतो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं. दात, डोळे, वजन, अंगावरचे चट्टे बघतं. एका दिवसात शेकडो मुलं बघणाऱ्या त्या डॉक्टरांकडून असा आजार पकडण्याची अपेक्षा करणं बरोबर नाही. शंका घेऊन मूल त्यांच्यापुढे कोणी तरी उभं करायला पाहिजे.

मी घरी गेले तेव्हा त्यांची धावपळ आधीच सुरू झाली होती. फक्त दिशा वेगळी होती. मोहल्ल्यातल्या एका आमिलने असर सांगितला होता. गळ्यात काळा धागा, दंडाला तावीज, घरात पलीता जाळून झाला होता. दर्ग्यावर सात जुमेरात हाजिरी चालू होती. दुआ मागणाऱ्या आईची मी थट्टा करणार नाही. मीही मागते. पण आपल्या समाजाने तामिळनाडूतलं एरवाडी विसरू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या दर्ग्याजवळच्या एका आश्रमात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यांनाही असरच झाला आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. उलट गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून दुआ आणि दवा यांची सोबत घातली गेली. मुजावर स्वतः रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. हे मी त्याच्या वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “डॉक्टर को बी दिखाए आपा. तीन डॉक्टर.”

ते खरं होतं. पहिल्याने अशक्तपणा सांगून कॅल्शियम आणि टॉनिक दिलं. दुसऱ्याने लॉकडाऊनचा परिणाम, मोबाईल काढून घ्या म्हटलं. तिसऱ्याने, मुलगा चिडतो, वस्तू फेकतो, एकदम रडतो हे ऐकून मनोविकाराच्या गोळ्या चालू केल्या. त्या गोळ्यांनी तो आणखी ताठरला. पुढे कळलं, की या आजारात काही मनोविकाराच्या औषधांनी असं होऊ शकतं.

पण यात एकट्यादुकट्या डॉक्टरला दोष देऊन भागत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये याच आजाराच्या ३०७ रुग्णांच्या नोंदींवर एक लेख लिहिला. निदान व्हायला सरासरी दोन वर्षं उशीर झाला होता. आणि तोवर या रुग्णांना शंभराहून जास्त वेगवेगळ्या आजारांची नावं लावून झाली होती. त्यात स्किझोफ्रेनिया होता, सांधेदुखी होती, मूत्रपिंडाचे विकार होते. दोन वर्षं म्हणजे शाळेच्या हिशेबात दोन इयत्ता.

निदान कुठे झालं, तर डोळ्यांच्या दवाखान्यात. फळ्यावरचं दिसत नसेल म्हणून अक्षर बिघडलं असेल, निदान चष्म्याचा नंबर तरी काढून आणा, असं मीच सुचवलं होतं. डॉक्टर बाईंनी स्लिट लॅम्पमधून बघितलं आणि दुसऱ्यांदा बघितलं. बुबुळाच्या काठाला सोनेरी-तपकिरी कडं होतं. आपल्या लोकांच्या काळ्याभोर डोळ्यांत ते नुसत्या नजरेला सहसा दिसत नाही. त्यांनी विचारलं, याला कधी कावीळ झाली होती का? झाली होती. २०१८ मध्ये, नऊ वर्षांचा असताना. तेव्हा एका गावी नेऊन कावीळ उतरवून आणली होती, मुळ्यांची माळ गळ्यात घातली होती, महिनाभरात डोळे पांढरे झाले आणि सगळे ती विसरून गेले. डॉक्टर बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि आठवड्याच्या आत मुंबईला जायला सांगितलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाप-लेक सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेले. सोबत मी दोन कागद दिले होते, पाचवीतला आणि आठवीतला. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचे फोटो काढून घेतले, असं वडील नंतर अभिमानाने सांगत होते.

आजाराचं नाव विल्सन डिसीज. किनियर विल्सन नावाच्या डॉक्टरने १९१२ मध्ये लंडनमध्ये त्याचं वर्णन केलं. डोळ्यातलं ते कडं त्याआधीच, १९०२ आणि १९०३ मध्ये, कायझर आणि फ्लायशर या जर्मन डॉक्टरांनी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. अर्थ असा, की अन्नातून आपल्या पोटात रोज थोडं तांबं जातं. शरीराला ते हवंही असतं. जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. हे काम करणारं एक जनुक आहे, ते १९९३ मध्ये सापडलं. आई आणि वडील दोघांकडून ते बिघडलेलं आलं तर तांबं बाहेर पडत नाही. आधी यकृतात साठतं, तिथं मावेनासं झालं की रक्तातून मेंदूत जातं, आणि हालचालींवर ताबा ठेवणारा जो मेंदूचा खोल भाग, तिथं मुरतं. म्हणून हात, जीभ, चेहरा. काही मुलांत नुसतं यकृत बिघडतं, काहींत स्वभावच आधी बदलतो. जगात साधारण ३० हजारांत एकाला हा आजार होतो असं मानतात.

आपल्याकडे तो परका नाही. मुंबईत डॉ. दाराब दस्तूर आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी इथल्या १६ कुटुंबांतल्या विल्सन रुग्णांचा अभ्यास करून १९६८ मध्ये तो जगापुढे मांडला होता. आणि तांब्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगते, पितळेच्या भांड्यात तापवलेलं दूध तान्ह्या बाळांना पाजल्याने यकृत निकामी होण्याचा एक वेगळाच आजार भारतात होता. त्या भांड्यांवर पहिलं बोट ठेवणाऱ्यांत पुण्याचे बालरोगतज्ज्ञ होते, १९८३ मध्ये. तो आजार आता जवळजवळ दिसेनासा झालाय. आमच्या आज्या देगांना कल्हई केल्याशिवाय चुलीवर ठेवायच्या नाहीत, ते उगीच नव्हतं. आता मात्र तांब्याच्या बाटलीतलं पाणी आरोग्याला फार चांगलं म्हणून जो तो पितो. या घरातून तांब्याचा तांब्यासुद्धा गेला.

विल्सन वेगळा ठरतो तो एका गोष्टीने. वंशातून येणाऱ्या मेंदूच्या आजारांपैकी फार थोड्यांवर औषध आहे, आणि हा त्यांतला एक आहे. १९५६ मध्ये जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरने पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणलं. ते आधी त्याने स्वतः घेऊन पाहिलं होतं. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. दुसरं औषध जस्ताचं, झिंकचं. ते आतड्यातच तांब्याला अडवतं. औषध जन्मभर घ्यावं लागतं, बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. वेळेवर सुरू झालं तर मूल चारचौघांसारखं आयुष्य जगू शकतं. उशीर झाला तर जे गेलं ते सगळं परत येत नाही. म्हणूनच त्या दोन इयत्तांचा मला राग येतो.

सुरुवातीचे दोन महिने फार वाईट गेले. औषध चालू केल्यावर काही रुग्णांचं आधी बिघडतं; डॉक्टरांनी तसं बजावून पाठवलं होतं, तरी अम्मीचा धीर सुटला. “दवा से बिगड़ रहा आपा, बंद करूँ क्या?” मी रोज संध्याकाळी जाऊन बसायची. औषधाबद्दल मी काय सांगणार? मुंबईला फोन लावून द्यायची, एवढंच. जूनमध्ये लाळ थांबली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बोलणं कळू लागलं.

मग खाण्याची बंधनं. कलेजी नाही, काजू-बदाम नाही, चॉकलेट नाही, कोळंबी-खेकडे नाहीत. मुसलमान घरात याचा अर्थ काय होतो पाहा. बकरी ईदला कुर्बानीनंतर सर्वांत आधी कलेजीच भाजली जाते, दुसरं काही शिजायच्या आधी. आणि शीरखुर्मा म्हणजे तर सुका मेवाच. त्या घरात आता नुसत्या शेवया आणि खजुराचा शीरखुर्मा होतो, सगळ्यांसाठी एकच. वडिलांनीच तसं ठरवलं. पाहुण्यांना तो फिका लागतो, पण कोणी बोलत नाही.

रोज्यांवरून मात्र घरात वाद झाला. औषध उपाशीपोटी, दिवसातून ठरलेल्या वेळांना. मुलगा हट्टाला पेटला, सगळे दोस्त रोजे ठेवतात. आजारी माणसाला रोज्यातून सूट खुद्द सूरह बकरामध्ये दिलेली आहे, हे मशिदीच्या इमामसाहेबांनी त्याला शेजारी बसवून समजावलं आणि फिदयाचा हिशेबही करून दिला. त्या दिवसापासून माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. त्याने मार्च २०२५ मध्ये दहावीची परीक्षा लेखनिक घेऊन दिली आणि पास झाला. हात अजून थोडा कापतो. लेखनिकाने एका शब्दात नुक्ता चुकवला तेव्हा त्याने तो दुरुस्त करायला लावला, असं लेखनिकच सांगत होता.

मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बाकीच्या भावंडांना आणायला सांगितलं होतं. प्रत्येक सख्ख्या भावंडाला आजार असण्याची शक्यता चारांत एक असते. धाकटी तेव्हा अकरा वर्षांची, नाचती-बागडती, अक्षर मोत्यासारखं. तिच्या रक्तात आणि चोवीस तासांच्या लघवीत आजार निघाला. लक्षण एकही नाही. तिला झिंक चालू झालं, आणि आज ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. भावाचं निदान झालं नसतं तर तिचं झालं नसतं.

मोठी बहीण निरोगी निघाली. पण निरोगी सख्ख्या भावंडाच्या अंगात एक बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता तीनात दोन असते. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नाही. प्रश्न निकाहाचा. तिचा रिश्ता लहानपणापासून फुफीच्या मुलाशी ठरलेला, आणि तिचे आई-वडीलही आते-मामे भावंडंच.

नात्यातल्या लग्नांचा विषय आमच्याकडे काढला, की लोक लगेच मजहबवर येतात. परवानगी आहे, हे खरंच. हजरत अली हे रसूलुल्लाहचे चुलतभाऊ आणि बीबी फातिमांचे शौहर. पण परवानगी म्हणजे हुकूम नव्हे. आणि हा एकट्या मुसलमानांचा प्रश्नही नव्हे. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात कितीतरी हिंदू जातींतही आहे. बहुतेक अशा जोडप्यांची मुलं धडधाकटच असतात. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, जिथं पाकिस्तानी वंशाची वस्ती मोठी आहे, २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मजात दोष असण्याचं प्रमाण एरवी शंभरात तीन, सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नात शंभरात सहा. म्हणजे ९४ मुलं ठीक. पण ज्या घरात एक आजार आधीच सापडला आहे, तिथं ही सरासरी कामाची नाही; तिथं त्या घराचाच हिशेब बघावा लागतो.

तो हिशेब अम्मीने मांडला. विड्या वळणारी, चौथी शिकलेली बाई. तिने नणंदेला सांगितलं, आधी लडक्याच्या खूनची जाँच करू, मग तारीख ठरवू. फुफीला तो घराण्याचा अपमान वाटला. “हमारे खून में ऐब निकालते क्या तुमे?” म्हणून ती उठून गेली, आणि ईदलाही आली नाही. भाऊ-बहिणीचं बोलणं बंद. जमातीतल्या बायकांत दोन तट पडले आणि त्याचा थोडा ठपका माझ्यावरही आला, आपाने शिकवून ठेवलंय म्हणून. येऊ दे.

गेल्या महिन्यात फुफीचा मुलगा स्वतःहून मामूकडे आला. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, बोलणं कमी. या कुटुंबातला नेमका बिघाड डॉक्टरांना माहीत आहे, त्यामुळे त्याच्या रक्तात तोच शोधायचा आहे. मामा-भाचे रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन रक्त देऊन आले. रिपोर्टला काही आठवडे लागतील असं सांगितलंय. निघायच्या रात्री फुफी स्टेशनवर आली होती. भावाशी एक शब्द बोलली नाही, पण मुलाच्या हातात डबा दिला आणि म्हणाली, “दोनों के वास्ते है.”